बाहेर लावायचे स्वस्त सोलर दिवे: नेमके किती टिकतात आणि का बंद पडतात?

ओसरी | ११ मे, रात्री ९.२०

नमस्कार मंडळी,

आमचं घर गुहागर तालुक्यात, समुद्रापासून हाकेच्या अंतरावर. घरी आता आई-बाबा दोघंच असतात. पडवीतून उतरलं की खळं, मग विहीर, गोठा आणि तिथून माडांमधून फाटकापर्यंत गेलेली वाट. बाबांची रात्रीची गोठ्याकडची फेरी चुकत नाही. पावसाळ्यात त्या वाटेवर फुरसं निघतं, मण्यार निघते. पावलापुढचं दिसावं एवढा उजेड वाटेवर हवा, बस. वाऱ्यापावसात वीज जाते तेव्हा तर तो जास्तच हवा, म्हणून सोलर.

बाजारात मिळतात ते दोन्ही प्रकार लावून झाले. मातीत खोचायचे दांड्याचे छोटे दिवे आणि भिंतीवर ठोकायचे, माणूस आला की पेटणारे. पहिले काही महिने दृष्ट लागावी असे चालतात. मग संध्याकाळी पेटलेले नऊला विझायला लागतात, पुढे आठला, आणि गणपतीला घर भरतं तेव्हा निम्मे बंद. उघडले की आत पाणी, सेलच्या टोकाला हिरवट-पांढरी भुकटी.

आगोटीची (पावसाळ्याआधीची) कामं चालू आहेत, त्यात हेही एकदा नीट मार्गी लावायचंय. जाणकारांना विचारते: मालच तकलादू की आमची हवा वाईट? थोडे जास्त पैसे टाकले तर टिकाऊ मिळतात का? दर वर्षी पिशवीभर प्लास्टिक आणि सेल टाकून देणं मनाला पटत नाही.

शिवार | ११ मे, रात्री १०.०५

वाचतोय. आमचा मळा जुन्नर तालुक्यात, घर वस्तीवर, तीन बाजूंनी ऊस. शेतीची लाईट काही दिवस रात्रीची असते, त्यामुळं दारं धरायला (पिकाला पाणी द्यायला) अंधारातच जावं लागतं. बिबट्याचं तर सगळ्यांना माहितीच आहे. गोठ्याच्या चारी कोपऱ्यांना सोलर दिवे लावलेत, खोक्यावर '२०० वॅट' छापलेले. संध्याकाळी लखलखाट, पहाटे तीनला बघावं तर मिणमिण. ज्या वेळेला खरी गरज त्याच वेळेला उजेड नाही. यातलं खरं-खोटं कुणी समजावून सांगितलं तर उपकार होतील.

माडाची_राई | ११ मे, रात्री १०.३०

ओसरीताई, आम्ही वेंगुर्ल्याचे, त्यामुळे तुमचं दुखणं शब्दन् शब्द कळलं. हवेचा दोष आहेच. खाऱ्या वाऱ्यात सेलखालची लोखंडी स्प्रिंग आधी गंजते, सेल नंतर मरतो. पण नुसती हवा नाही, बाकीचं उद्या निवांत लिहितो.

कथील | १२ मे, सकाळी ७.१५

पुण्यात माझं इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या दुरुस्तीचं छोटं दुकान आहे. असे दिवे उघडून बघणं हे रोजचंच काम, म्हणून जरा सविस्तर लिहितो. ओसरीताई आणि शिवारदादा, तुमचे प्रश्न वेगळे दिसले तरी मूळ एकच आहे.

आधी दांड्याचा छोटा दिवा घेऊ. वर बिस्किटाएवढं पॅनेल, साधारण २ व्होल्टचं. आत १.२ व्होल्टचा निकेल मेटल हायड्राइड सेल, पेन्सिल सेलच्या आकाराचा किंवा त्याहून आखूड, क्षमता ३०० ते ६०० एमएएच (मिलीअँपिअर-तास, म्हणजे सेलमध्ये किती वीज मावते त्याचं माप). पांढऱ्या एलईडीला ३ व्होल्टच्या आसपास लागतात. ते वाढवून द्यायला एक चार पायांची आयसी, म्हणजे छोटी चिप (वायएक्स ८०१८ किंवा क्यूएक्स ५२५२ असं काहीतरी छापलेलं असतं) आणि तांदळाच्या दाण्याहून थोडी मोठी कॉइल. संध्याकाळ झाली हे ओळखायला वेगळा सेन्सर नसतो. पॅनेलचा व्होल्टेज पडला की आयसी दिवा पेटवते. म्हणूनच रस्त्यावरच्या दिव्याचा उजेड ज्याच्या पॅनेलवर पडतो, तो दिवा रात्रभर पेटतच नाही, आणि लोक तो बिघडला म्हणून माझ्याकडे घेऊन येतात.

आता हिशेब. समजा हे पॅनेल भर उन्हात ४० मिलीअँपिअर देतं. आपल्याकडे दिवसभराचं ऊन एकत्र केलं तर ते वर्षाच्या सरासरीने भर उन्हाच्या पाच तासांइतकं भरतं. म्हणजे दिवसाला २०० एमएएच. चार्ज होताना थोडं वाया जातं, हाती १५० धरा. दिवा सेलमधून २०-२५ मिलीअँपिअर ओढतो. म्हणजे सहा-सात तास. हा आकडा कधीचा? पॅनेल नवं, काच स्वच्छ, सेल ताजा आणि सावलीचा ठिपका नाही तेव्हाचा. संध्याकाळी सातला पेटलेला दिवा मध्यरात्री एक-दोनला विझला तर तो बिघडलेला नाही, त्याची ताकदच तेवढी आहे.

यावर पुष्कळ जण २००० एमएएचचा महागडा सेल टाकून बघतात. पॅनेल हा नळ आणि सेल ही टाकी. टाकी मोठी केली म्हणून नळाची धार वाढत नाही. सेल चांगल्या प्रतीचा जरूर घ्या, क्षमता मात्र ६०० ते ८०० पुरे.

मग तो मरतो का? निकेल मेटल हायड्राइड सेल काही शे वेळा भरता-रिकामा करता येतो. इथे रोज एक फेरी होते, म्हणजे वर्षाला ३६५. वरून पावसाळ्यात काय होतं बघा. दाट मळभ असलं की पॅनेल नेहमीच्या दहा-वीस टक्केच देतं. सेल कधीच पूर्ण भरत नाही आणि रोज रात्री तळापर्यंत रिकामा होतो. असे दोन-तीन महिने गेले की त्याची क्षमता कायमची घसरते. ओसरीताई, तुमचे दिवे गणपतीच्याच सुमारास का जातात त्याचं मुख्य कारण हे. पाणी आणि गंज त्यात भर घालतात.

भिंतीवरच्या सेन्सरवाल्या दिव्यात ३.७ व्होल्टचा लिथियम सेल असतो, १८६५० आकाराचा. सेल चांगला असेल तर ३०० ते ५०० फेऱ्यांनंतरही त्यात ऐंशी टक्के क्षमता उरते. पण या दिव्यांतले जे सेल मी मोजतो, त्यातले कित्येक छापील आकड्याच्या निम्मेसुद्धा भरत नाहीत. शिवाय लिथियम सेल ४.२ व्होल्टच्या वर चार्ज होता कामा नये आणि अडीचच्या खाली उतरता कामा नये. स्वस्त दिव्यात ही राखण करणारं सर्किट कित्येकदा नसतंच, पॅनेल आणि सेलच्या मध्ये वीज एकाच दिशेने जाऊ देणारा नुसता एक डायोड.

शिवारदादा, आता तुमचे २०० वॅट. तुमच्या दिव्यात बहुधा ३.२ व्होल्टचा लिथियम आयर्न फॉस्फेट सेल असेल, जाड, ६००० एमएएचचा, म्हणजे ६ अँपिअर-तासांचा. ३.२ गुणिले ६ म्हणजे १९ वॅट-तास (एक वॅटचा दिवा एक तास चालला की एक वॅट-तास). दिवा खरंच २०० वॅटचा असता तर या सेलवर जेमतेम सहा मिनिटं चालला असता. तोच रात्रभर म्हणजे दहा तास पुरवायचा तर सरासरी दोन वॅटच्याही आत राहावं लागतं. म्हणजे घरातल्या ९ वॅटच्या एलईडी बल्बच्या पाव हिश्श्याहूनही कमी उजेड. सुरुवातीला लखलखाट आणि पहाटे मिणमिण, याचं गणित हे आहे.

खोक्यावरचा आकडा वाचूच नका, पॅनेल मोजा. कडक उन्हात एक चौरस मीटर जागेवर साधारण १००० वॅट इतकी ऊर्जा पडते आणि चांगलं पॅनेल तिच्यातली १५ ते २० टक्के पकडतं. म्हणजे दहा सेंटिमीटर लांब, दहा सेंटिमीटर रुंद पॅनेल फार तर दीड-दोन वॅट देणार. पट्टी घेऊन दुकानात गेलात तरी कोणता विक्रेता खोटं बोलतोय ते तिथेच कळेल.

शिवार | १२ मे, सकाळी ८.४०

कथीलभाऊ, एवढं स्पष्ट आजपर्यंत कुणी सांगितलं नव्हतं. सहा मिनिटं वाचून डोळे उघडले. पॅनेल मोजलं, एका दिव्याचं २० बाय १५ सेंटिमीटर आहे.

कथील | १२ मे, सकाळी ९.१०

३०० चौरस सेंटिमीटर म्हणजे पाच-सहा वॅटचं पॅनेल. पाच तास धरले तर २५-३० वॅट-तास कागदावर, घट वजा जाता २० च्या आसपास. त्या सेलला बरोबर जुळतंय. माल अगदीच फसवा नाही, त्यावर छापलेला आकडा फसवा आहे.

तापी_काठ | १२ मे, दुपारी १.३०

भुसावळहून लिहितेय. आमच्याकडे पावसाचा त्रास नाही, उन्हाचा आहे. मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो आणि पश्चिमेच्या भिंतीवर लावलेला काळा दिवा दुपारी हाताला चटका देतो. सगळे म्हणतात 'तुमच्याकडे तर ऊनच ऊन, सोलर किती छान चालत असेल'. प्रत्यक्षात आमचे दिवे कोकणापेक्षा लवकर जातात असं वाटतं. शिवाय भिंतीवरचा सेन्सर मे महिन्यात माणूस अगदी जवळ आला तरच पेटतो, डिसेंबरमध्ये लांबूनच पेटायचा. हा भास आहे की खरं?

कथील | १२ मे, दुपारी २.१५

दोन्ही खरं आहे, ताई.

सेन्सरचं आधी सांगतो. तो अंगाची उष्णता आणि मागच्या भिंत-जमिनीची उष्णता यांतल्या फरकावर चालतो. उन्हाळ्यात दिवसभर तापलेली भिंत रात्री नऊ वाजताही आपल्या अंगाएवढी गरम असते. फरकच उरला नाही तर तो काय ओळखणार? भिंत निवाली की पहाटे पुन्हा नीट चालतो. दुसऱ्या प्रकारचा रडार सेन्सर उष्णतेवर चालत नाही, पण हलणारी फांदीसुद्धा त्याला माणूस वाटते, आणि रात्रभर पेटून सेल संपतो.

सेलचं म्हणाल तर तापमान दर दहा अंशांनी वाढलं की सेलचं म्हातारपण दुपटीने लवकर येतं असा ढोबळ नियम आहे. काळ्या डबीत, पॅनेलच्या पाठीला चिकटून बसलेला सेल बाहेरच्या हवेपेक्षा बराच जास्त तापतो. लिथियम सेल ४५ अंशांच्या वर चार्ज करू नये असं बहुतेक उत्पादक सांगतात, आणि इथे नेमका दुपारच्या उन्हातच तो चार्ज होतो. म्हणून उष्ण भागात पॅनेल वेगळं आणि वायरने जोडलेला दिवा वेगळा, असा प्रकार घ्यावा. पॅनेल छपरावर तापू दे, सेल खाली छज्ज्याच्या सावलीत राहू दे. शिवाय सेल आयर्न फॉस्फेटचा असेल तर फारच उत्तम. तो उष्णता जास्त सोसतो आणि चांगल्या प्रतीचा असला तर दोन हजारांच्या आसपास फेऱ्या देतो.

माडाची_राई | १२ मे, रात्री ९.५०

आता माझं राहिलेलं. किनाऱ्यावरच्या लोकांनी नवा दिवा आणला की लावण्याआधी तो उघडावा. स्क्रू असतील तरच घ्यावा, चिकटवून बंद केलेला घेऊच नये, कारण त्याचा सेल बदलता येत नाही. आत स्प्रिंगला आणि सेलच्या दोन्ही टोकांना पेट्रोलियम जेलीचं बोट फिरवावं. पॅनेलच्या कडेने आणि वायर जिथून आत शिरते तिथे सिलिकॉन भरावं. खालच्या बाजूला मात्र सिलिकॉन भरू नये. डबी दिवसा तापते, रात्री गार होते, आतली हवा आकसते आणि बाहेरचा दमट वारा ओढून घेते. ते पाणी आतच साचतं. तळाला बारीक भोक राहू दिलं तर निथळून जातं.

खोक्यावर आयपी (धूळ-पाणी किती अडवतो त्याचा दर्जा) ४४ लिहिलेलं असेल तर तो दिवा फक्त शिंतोड्यांपुरता. आपल्याकडचा आडवा पाऊस झेलायचा तर निदान आयपी ६५ हवा. अर्थात छापलेल्या सगळ्याच आकड्यांवर किती विश्वास ठेवायचा ते वर आलंच आहे, म्हणून दिवा पागोळ्यांच्या थेट धारेखाली नको.

आणि एक, माडांच्या सावलीचं. पॅनेलमधले तुकडे एकापुढे एक जोडलेले असतात. झावळीची एक पट्टी त्यांतल्या एका तुकड्यावर पडली तरी सगळ्या पॅनेलचा प्रवाह कोसळतो. माडांमधल्या वाटेवर प्रत्येक दिव्याला स्वतःचं पॅनेल असणं हीच अडचण आहे.

ओसरी | १२ मे, रात्री १०.२०

हे फार महत्त्वाचं सांगितलंत. आमची वाट दिवसभर सावलीतच असते. फाटकाजवळचे दिवे आधी जातात आणि विहिरीजवळचे टिकतात, याचं कारण आज कळलं. विहिरीजवळ मोकळं आहे.

कथीलदादा, जुने दिवे बरेच पडलेत. त्यातले कोणते दुरुस्त होतील हे घरी कसं ओळखायचं? बाबांकडे मल्टिमीटर आहे.

कथील | १३ मे, सकाळी ७.३०

मल्टिमीटर आहे म्हणजे अर्धं काम झालं.

सेल बाहेर काढा. निकेलवाला सेल दिवसभर उन्हात चार्ज होऊनही १.१ व्होल्टच्या खाली असेल तर तो गेला. लिथियम सेल अडीच व्होल्टच्या खाली सापडला, फुगलेला असला किंवा वरचं प्लास्टिक सोललेलं असलं, तर तो चार्ज करून बघण्याच्या फंदात पडू नका. त्याने सेल पेट घेऊ शकतो.

पॅनेल तपासताना बहुतेक जण व्होल्ट बघतात आणि 'पॅनेल ठीक आहे' म्हणतात. व्होल्ट फसवतात. ढगाळ हवेत, धुरकट काचेतूनसुद्धा ते जवळजवळ पूर्ण दिसतात. खरं सांगतो तो प्रवाह. दुपारी बाराला पॅनेल सूर्यासमोर धरा, मीटर मिलीअँपिअरवर लावा आणि पॅनेलच्या दोन वायरी थेट मीटरला द्या. एवढ्या छोट्या पॅनेलला त्याने काही होत नाही. नव्या दिव्याच्या पॅनेलशी तुलना करा. निम्म्याहून कमी प्रवाह आला तर त्यावर नवा सेल वाया घालवू नका.

पॅनेल असं दुबळं का होतं? स्वस्त पॅनेलवर काच नसते, राळेसारखं पारदर्शक इपॉक्सी ओतलेलं असतं. एक-दोन उन्हाळ्यांत ते पिवळं पडतं, धुरकटतं. वरचा थर बारीक पॉलिश पेपरने घासून पारदर्शक वार्निश मारलं की काही महिने मिळतात, कायमचा इलाज नाही. विकत घेताना नखाने टकटक करून बघा, काच असेल तर आवाजावरून कळते. काचेचं पॅनेल वर्षानुवर्षं टिकतं.

सेल बदलताना एकच गोष्ट पाळा, त्याच जातीचा सेल टाका. ३.२ व्होल्टच्या जागी ३.७ चा किंवा उलटं करू नका, आकार सारखा असला तरी. आयर्न फॉस्फेट सेल ३.६ व्होल्टच्या आसपास भरतो, त्याला ४.२ पर्यंत ढकललं तर तो खराब होतो. लिथियम सेलवर भारतीय मानक ब्यूरोची नोंदणी, म्हणजे आयएस १६०४६ आणि आर ने सुरू होणारा क्रमांक, छापलेला असेल तोच घ्या.

जोडतार | १३ मे, सकाळी ११.००

थोडा वेगळा सूर लावतो, राग नसावा. जिथे वीज पोहोचली आहे तिथे अंगणासाठी हे छोटे सोलर दिवे घेऊच नयेत असं माझं ठाम मत आहे. ५ वॅटचा एलईडी रोज बारा तास लावला तर वर्षाला २२ युनिट होतात. युनिटला दहा रुपये धरले तरी २२० रुपये. एका बऱ्या सोलर दिव्याची किंमत यापेक्षा जास्त, आणि तो दीड वर्षात जाणार. यात पर्यावरणाचं तरी काय भलं झालं? सेल, सर्किट, प्लास्टिक सगळं कचऱ्यात. जमिनीखालून पाइपमध्ये केबल टाका, ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती झाली की पुरवठा तोडणारा स्विच) बसवा, आणि विषय संपवा.

तापी_काठ | १३ मे, दुपारी १२.१०

अनुमोदन, शहरासाठी तरी.

शिवार | १३ मे, दुपारी १२.४५

जोडतार साहेब, तुमचा हिशेब बरोबर असेल, पण वस्तीवर वीज जाते ती कधी चार-चार तास येत नाही. आणि वाऱ्यात तार तुटून पडली तर रात्र काढावी लागते. त्याच रात्री जनावरं बुजतात.

ओसरी | १३ मे, दुपारी १.००

आमच्याकडेही तेच. निसर्ग वादळ आलं तेव्हा, २०२० च्या जूनमध्ये, रत्नागिरी जिल्ह्याच्या उत्तर भागात कित्येक गावांना दिवसच्या दिवस वीज नव्हती. त्या काळात वाटेवरचा एक दिवा किती मोलाचा असतो ते शब्दांत सांगता येणार नाही. पण जोडतारांचा कचऱ्याचा मुद्दा मला मनापासून पटला.

कथील | १३ मे, रात्री ९.००

जोडतारांचा मुद्दा आणि ओसरीताईंची गरज, दोन्ही सांभाळणारा मार्ग आहे आणि मी तोच सुचवणार होतो. प्रत्येक दिव्यात वेगळं पॅनेल आणि वेगळा सेल हवाच कशाला? छपरावर मोकळ्या जागी एकच पॅनेल, घरात कोरड्या जागी एकच बॅटरी, आणि तिथून १२ व्होल्टची वायर वाटेवरच्या एलईडीपर्यंत. बाहेर पावसात फक्त वायर आणि एलईडी. सडणारी, तापणारी वस्तू बाहेर उरतच नाही. माडांच्या सावलीचा प्रश्नही मिटतो.

ओसरीताई, तुमच्या वाटेसाठी हिशेब मांडतो. एक-एक वॅटचे सहा दिवे, जमिनीपासून गुडघाभर उंचीवर, खाली तोंड करून. साप बघायला वरून झगझगाट लागत नाही, जमीन दिसली पाहिजे. सहा वॅट रात्रभर अकरा तास म्हणजे ६६ वॅट-तास. पॅनेल उन्हाळ्याच्या हिशेबाने घेतलं तर २० वॅटचं पुरतं: २० गुणिले ५ तास, साधारण तीस टक्के घट वजा, ७० आले. पण तुम्हाला गरज जुलैत आहे. कोकणातल्या जुलैत भर उन्हाचे दोनच तास धरा. २० वॅटवर २८ वॅट-तासच येतील आणि दिवे साडेचार-पावणेपाच तासांत विझतील. ४० वॅटचं घेतलं तर ५६ येतात, नऊ तास. तेव्हा ४०. आकाराने दोन-अडीच चौरस फूट, दक्षिणेकडे तोंड, साधारण १८ अंश उतार. उतारामुळे पावसाने ते आपोआप धुतलंही जातं.

बॅटरी १२.८ व्होल्ट, १२ अँपिअर-तासाची आयर्न फॉस्फेट. ती १५० वॅट-तास साठवते, म्हणजे दोन रात्रींची बेगमी. चार्ज कंट्रोलर (पॅनेलकडून बॅटरीत जाणारी वीज आवरणारी डबी) घेताना त्यात आयर्न फॉस्फेटची सेटिंग आहे ना हे विचारून घ्या. संध्याकाळी पेटून ठरावीक तासांनी विझायची सोय बहुतेक कंट्रोलरमध्ये असते, पावसाळ्यात ती वापरा. बॅटरीच्या पॉझिटिव्ह टोकाला लागूनच ५ अँपिअरचा फ्यूज हवा, हा विसरायचा नाही. वायर १ चौरस मिलिमीटर तांब्याची पुरे. तीस मीटरच्या टोकाला अर्धा व्होल्ट घटतो, चालतं. १२ व्होल्ट असल्याने ओल्या जमिनीत शॉक लागायची भीती नाही.

खर्च सुरुवातीला जास्त होईल. पण बॅटरी पाच वर्षं सहज जायला हवी, पॅनेल त्याहून कितीतरी जास्त, आणि मध्ये एखादा एलईडी गेला तर तेवढाच बदलायचा.

जोडतार | १३ मे, रात्री ९.४०

याला माझा पूर्ण पाठिंबा. दुरुस्त करता येते तीच वस्तू घ्यावी, एवढंच माझं म्हणणं होतं.

थेम्सकाठ | १४ मे, दुपारी ३.३०

लंडनजवळून थोडी भर. इथे डिसेंबरात दिवस आठ तासांचाही नसतो आणि दुपारी बारालाही सूर्य क्षितिजापासून जेमतेम १५ अंशांवर. बागेतले सोलर दिवे नोव्हेंबर ते फेब्रुवारी शोभेपुरतेच. अनुभवी शेजारी ऑक्टोबरअखेर सेल भरून, काढून घरात ठेवतात, कारण गोठणबिंदूखाली लिथियम सेल चार्ज केला तर तो आतून बिघडतो. मार्चमध्ये परत बसवतात. असे सांभाळलेले दिवे खूप टिकतात. कोकणात हीच युक्ती उलट्या ऋतूत वापरता येईल का? म्हणजे शोभेचे दिवे जूनमध्ये काढून ठेवायचे?

माडाची_राई | १४ मे, संध्याकाळी ७.००

शोभेच्या दिव्यांसाठी अगदी योग्य. सेल काढून, पुसून, कोरड्या डब्यात. गणपतीच्या आधी बाहेर काढून दोन दिवस उन्हात ठेवले की झालं. नुसता स्विच बंद करून बाहेर ठेवणं मात्र वाईट. कित्येक दिव्यांत स्विच बंद असला की चार्जिंगही बंद होतं.

छपराखालच्या दिव्यांबाबत एक राहिलं. मेच्या मध्यापासून जुलैच्या शेवटापर्यंत आपल्याकडे दुपारचा सूर्य डोक्याच्या थोडा उत्तरेला असतो. दक्षिणेच्या भिंतीवर, पन्हळीखाली लावलेल्या पॅनेलला त्या काळात उघडीप असली तरी दुपारचं थेट ऊन मिळत नाही.

अंजनवेल_२ | १४ मे, रात्री ८.१५

दुरुस्तीचा विषय निघाला म्हणून. आयआयटी मुंबईने काही वर्षांपूर्वी विद्यार्थ्यांसाठी दहा लाख सौर अभ्यासदिव्यांचा कार्यक्रम राबवला होता. त्यात दिवे गावातल्याच लोकांना जोडायला शिकवले आणि दुरुस्तीची सोयही जवळपास ठेवली. मला ती कल्पना त्या दिव्यापेक्षाही मोठी वाटते. तालुक्याच्या ठिकाणी एक जरी माणूस सेल बदलून देणारा असला तर यातले कितीतरी दिवे वाचतील.

ओसरी | १४ मे, रात्री ९.००

शंभर टक्के. कथीलदादा, एका पॅनेलचाच मार्ग घेतेय. वायर टाकायला गावातला वायरमन तयार आहे, पाऊस लागायच्या आत काम होईल. जुन्या दिव्यांतले जे सेल गेलेत ते कुठे द्यायचे?

कथील | १४ मे, रात्री ९.३०

कचऱ्याच्या गाडीत नकोत, पुरायचे तर मुळीच नाहीत. फार जुन्या दिव्यांत निकेल कॅडमियमचे सेल असत, आणि कॅडमियम विषारी आहे, तुमची विहीर तिथेच आहे. लिथियम सेलच्या दोन्ही टोकांना चिकटपट्टी लावा आणि सगळे एका प्लास्टिकच्या बरणीत ठेवा. बॅटरी कचऱ्याचे २०२२ चे नियम उत्पादकांवर सेल परत घेण्याची जबाबदारी टाकतात. मुंबई-पुण्याला येणाऱ्या कुणाबरोबर बरणी पाठवलीत तर ई-कचरा संकलन केंद्रात देता येईल. दिव्यांची पॅनेलं चांगली निघाली तर फेकू नका.

शिवार | १५ मे, सकाळी ६.२०

आमच्या गोठ्याला हाच प्रकार करायचा तर केवढं लागंल? चार कोपरे, रात्रभर उजेड पाहिजे. आणि पांढरा घ्यावा की पिवळा?

कथील | १५ मे, सकाळी ८.००

तीन-तीन वॅटचे चार, म्हणजे १२ वॅट, अकरा तासांचे १३२ वॅट-तास. ४० वॅटचं पॅनेल काठावर पास होतं, तेव्हा ७५ वॅटचं घ्या. बॅटरी १२.८ व्होल्ट, २४ अँपिअर-तास. पॅनेल गोठ्याच्या पत्र्यावर, उसाची सावली येणार नाही अशा उंचीवर. महिन्यातून एकदा ओल्या फडक्याने पुसा. सध्याच्या चार दिव्यांपैकी ज्यांचे सेल ठीक आहेत ते घरापासून गोठ्यापर्यंतच्या पायवाटेला लावा, कमी उजेडाच्या सेटिंगवर.

रंग पिवळसर घ्या, ३००० केल्विनचा. किडे कमी येतात. वळवाच्या पहिल्या सरींनंतर हुमणीचे भुंगेरे बाहेर पडतात तेव्हा पांढऱ्या दिव्याखाली उभं राहवत नाही, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक.

आणि दादा, एक कळकळीने सांगतो. उजेड आहे म्हणून बिबट्या येणार नाही असं धरून चालू नका. गोठा वरून-खालून, चारी बाजूंनी जाळीने बंद हवा. पैसे एकाच गोष्टीला पुरत असतील तर आधी जाळी, मग दिवे.

शिवार | १५ मे, सकाळी ८.२५

जाळी गेल्या वर्षीच केली, वरची बाजू तेवढी राहिलीय. ती या आठवड्यात करून घेतो आणि मग पॅनेलचं बघतो. कंट्रोलर घेताना फोटो टाकीन, एकदा नजर टाका.